फुकटचं माप

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गावातले हिल्के आज तिसऱ्यांदा दुकानात आले. तीच हिरवी सायकल, तीच फेरी – चर्चला वळसा घालून परत. मग खिशातून वही! सीट किती उंच, हँडल किती लांब, सगळं टिपून घेतलं. वर मी समोर उभी असताना किमतीच्या चिठ्ठीचा फोटो काढला. माझ्याकडे नऊशे युरो, नेटवर साडेसातशे. साडेसातशेला तर वितरक मलासुद्धा देत नाही!

जाता जाता विचारलं, मला फ्रेम कुठल्या नंबरची लागेल गं?

मी टेप घेऊन टांगेचं माप घेतलं. चौऱ्याऐंशी. म्हणजे सत्तावन्न नंबर. त्यात विचार करण्यासारखं काही नाही. आणि मी म्हणाले, "एकसष्ट."

त्यांनी लिहून घेतलं, हात मिळवला, आभार मानून गेले.

का केलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार? नेटवर सगळं मिळतं, माप मिळत नाही. ते आमच्याकडचं. तेही फुकटात न्यायला आले, म्हटलं घ्या! बोल्सवर्डमध्ये आमचं दुकान बाबांच्या काळापासूनचं, पन्नास वर्षं झाली. आजवर एकाही गिऱ्हाइकाला चुकीचं माप दिलेलं नाही. म्हणजे कालपर्यंत.

रात्री वाटाण्याचं घट्ट सूप केलं. झकास झालं. दोन वाडगे संपवले.

१३ फेब्रुवारी

झोप उत्तम लागली. तेच जरा खटकतंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

योप आला. वितरकाचा माणूस, दर गुरुवारी येतो, ऑर्डर घेतो आणि माझी बिस्किटं संपवतो. त्याला आज धरलंच – नेटवाल्यांना परवडतं कसं? म्हणाला, ते चारशे सायकली एकदम उचलतात, तू चार उचलतेस. चारशेवाल्यापुढे मालक स्वतः कॉफी घेऊन उभा राहतो, तुझ्याकडे मी येतो.

वर नवी योजनाही आणली आहे. हिरवी सायकल मला इतकी स्वस्त मिळेल की नेटच्या भावात विकूनही चार पैसे सुटतील. अट एकच – परत नाही, बदल नाही. एकदा लिहिलं की लिहिलं. नेटवाला गिऱ्हाइकाकडून परत घेतो आणि वितरक माझ्याकडून घेणार नाही! चांगला न्याय आहे.

माझा आपला हिशोब साधा आहे. नेटपेक्षा चाळीस-पन्नास युरो जास्त असले तर लोक कुरकुर न करता देतात. तेवढ्यात त्यांना घट्ट केलेले बोल्ट मिळतात, पहिली सर्व्हिस मिळते आणि ओळखीचं माणूस मिळतं. दीडशेचा फरक झाला की ओळखीचे लोकसुद्धा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायला लागतात.

२७ फेब्रुवारी

सिब्रेनने बातमी आणली. माझा भाऊ, दुकानात मागे दुरुस्तीचं बघतो, आणि गावाच्या बातम्याही. गेल्या आठवड्यात हिल्केंच्या दाराशी माणसाएवढा खोका उभा होता म्हणे! म्हणजे मी ओळखलं ते बरोबरच होतं. नेटवरूनच घेतली.

आनंद व्हायला हवा होता. पण मे महिन्यात पेंटेकॉस्टच्या सणाच्या सोमवारी ते अकरा शहरांची सायकलफेरी करणार आहेत. दोनशे पस्तीस किलोमीटर, वयाच्या पासष्टाव्या वर्षी! एकसष्टवर त्यांचे अंगठे जेमतेम टेकतील. हे त्या दिवशी मला सुचलंच नव्हतं. की सुचलं होतं?

१२ मार्च, गुरुवार

योप कॉफी पीत बसलेला आणि दारात आउक्येबाई! हिल्केंची बायको. मला तिसरीत शिकवायला होत्या. दहापैकी सातच्या वर मार्क त्यांनी गावात कुणालाही दिलेले नाहीत.

मे महिन्यात हिल्केंचा वाढदिवस. ती हिरवी सायकल द्यायची आहे, त्यांना कळू द्यायचं नाही. नेटवर स्वस्त आहे हे बाईंना माहीत होतं, तरी इथेच घ्यायची होती. मी चिकटवलेली किंमत विसरले आणि योपच्या योजनेतला भाव सांगितला, नेटपेक्षा चाळीस जास्त. बाई लगेच हो म्हणाल्या.

"आणि नंबर एकसष्ट," म्हणाल्या. "तूच सांगितलास ना? आमची रेन्स्के मापात चुकत नाही."

योपचं बोट टॅबलेटवर तयारच. "एकसष्ट?" त्याने मला विचारलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. मेलं एक 'नाही' म्हणता आलं नाही! 'नाही' म्हटलं की 'मग आधी का सांगितलंस?' आलंच.

म्हणजे तो खोका फ्रिजचा असेल, नाहीतर कपाटाचा. नेटवरून त्यांनी काही घेतलेलंच नाही. सरळ माणसावर मी चोरीचा आळ घेतला, आणि शिक्षाही देऊन मोकळी झाले. लाज वाटते.

१३ मार्च

योपला फोन. सत्तावन्न करून दे म्हटलं. नाही म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं, पण त्या भावात बदल नाही.

२ एप्रिल

एकसष्ट आली. सुंदर आहे, तीच तर पंचाईत.

सिब्रेनला म्हटलं, तू उंच आहेस, तू घे. तो बसला, गुडघे हनुवटीशी आले. त्याला पासष्ट लागते. मग त्याला सगळं सांगून टाकलं. पाना खाली ठेवावा लागला इतका हसला. हसून झाल्यावर म्हणाला, आता सत्तावन्न मागव, नेहमीच्या भावात, पदरचे घालून. मी कालच मागवली होती.

१८ एप्रिल

अकरा पंक्चर, दोन नव्या सायकली, दोन्ही नेटपेक्षा चाळीसने महाग, कुणी चकार शब्द काढला नाही. दुपारी दाराबाहेर उन्हात खुर्ची टाकून बसले. हा धंदा नसता केला तर दुसरं काय केलं असतं कोण जाणे. मला हाच आवडतो.

८ मे, शुक्रवार

हिल्केंचा वाढदिवस. बाई त्यांना हाताला धरून दुकानात घेऊन आल्या. मी सत्तावन्न पुढे केली. तिसरीत बाईंपुढे वही धरायचे, अगदी तशी.

"हिल्के, फेब्रुवारीत माप चुकलं होतं माझं. तुम्हाला एकसष्ट नाही, सत्तावन्न लागते."

त्यांना राग येईल वाटलं होतं. ते तर सुटल्यासारखे हसले! सीटवर थाप मारून बाईंना म्हणाले, ऐकलंस ना, ऐकलंस? इतकं हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. पाय टेकले, चर्चला वळसा घालून आले, गाल लाल झालेले. बाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. 'मुद्दाम' हा शब्द जिभेवर होता. तिथेच राहिला.

एकसष्ट काचेत लावली आहे, नेटपेक्षाही स्वस्त. जाऊ दे! जीव हलका झाला.

२५ मे, पेंटेकॉस्टचा सोमवार

संध्याकाळी सातला हिल्के गावात शिरले. धुळीने माखलेले, पाठ ताठ! मला बघून हात हलवला. मी आणि सिब्रेन घसा बसेपर्यंत ओरडलो.

२६ मे

आउक्येबाई साखरेचा पाव घेऊन आल्या. दार लावून घेतलं आणि बसल्या.

तो खोका फ्रिजचा नव्हता. हिल्केंनी फेब्रुवारीत नेटवरूनच मागवली होती, एकसष्ट. पाय टेकेनात म्हणून परत पाठवली. त्यांना वाटलं, वयाने आपली उंची घटली. दोन आठवडे दाराच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलीने खुणा करत होते, बाईंपासून लपवून! शेवटी बाईंनी शिवणाची टेप काढून त्यांची टांग मोजली, नेटवरच्या तक्त्यात सत्तावन्न निघाली. हिल्केंना पटेना, रेन्स्के मापात चुकत नाही म्हणाले. मग बाईंनी दुकानात येऊन माझ्याकडे एकसष्टच मागितली.

"म्हटलं, बघू दुसऱ्यांदा काय करतेस."

मला वर बघवेना. पावाकडे बघतच विचारलं, "बाई, किती मार्क?"

"सात," म्हणाल्या. "एक शब्द गाळलास."