पान निरोगी आहे

११ फेब्रुवारी

कंबर गेली! सकाळपासून पानांचे फोटो. काम उत्कर्षाचं आणि कंबर माझी. वरच्या खोलीत भाड्यानं राहते ती, यवतमाळची पोर, बाणेरला कंपनीत आहे. कंपनी म्हणे फोनला पिकाचे रोग ओळखायला शिकवते. शेतकऱ्यानं पानाचा फोटो काढायचा, फोननं सांगायचं - करपा आहे, भुरी आहे, का पान चांगलं आहे. त्यासाठी फोनला आधी पोतंभर पानं दाखवावी लागतात. लहान पोराला दाखवतो तसं - ही गाय, ही म्हैस.

पानं माझ्याकडे. धायरीत आता चहूकडून बिल्डिंगी, मधे आमचे वाफे. टोमॅटो, मिरची, वांगी. रोगाला काय तोटा!

"मावशी, तुम्हीच काढून द्या ना फोटो. तुमच्याकडे टाइम असते ना." टाइम म्हणे. कोपऱ्यावर भाजी काय हिचा बाप विकतो? पण दिले काढून. पोर गुणी आहे. माझं पिठलं खाते, तिखटानं डोळे पुसते, परत मागते.

चांगली पानं स्टीलच्या ताटात ठेवून काढली, उठून दिसतात. रोगट पोत्यावर. उत्कर्षा हसली - "चांगल्या पानाला ताट, आजारी पानाला पोतं?" म्हटलं, मग? रोगट पान जेवायच्या ताटात ठेवतात का? आईनं शिकवलं नाही काही?

१२ फेब्रुवारी

परत पानं. परत कंबर.

२० मार्च

आज बाणेरला नेलं मला. भिंतींना गाद्या लावलेली खोली! आत माईक. फोन बोलणार तो आवाज माझा पाहिजे म्हणे. साहेबाचं नाव सलिल, मिसरूड आत्ता फुटलंय. "काकू, शेतकऱ्याला घरचं माणूस बोलतंय असं वाटलं पाहिजे."

वाक्यं कागदावर. चौथी शिकलेली मी, बोट ठेवून ठेवून वाचलं. हा करपा आहे. ही भुरी आहे. पान निरोगी आहे, चिंता नको. हे शेवटचं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं - अजून प्रेमानं, काकू! इतक्या प्रेमानं मी ह्यांच्याशी कधी बोलले नाही.

विचारलं, आणि नाही ओळखता आलं तर काय म्हणायचं? कागदावर ते नव्हतंच. सलिल हसला. "ते काही ना काही सांगतंच, काकू."

मग एक इंग्रजी रोग म्हणायला दिला. जिभेला गाठ बसली. वैतागून म्हटलं, "मला नाही कळत बाई! दुसऱ्या कुणाला तरी दाखव!" काचेपलीकडं सगळे फिसकन हसले. माईक चालूच होता. उत्कर्षा म्हणाली, "राहू द्या, हे माझ्याकडे ठेवते."

शेवटी कागदावर सही. वाचला नाही. तिनं समोर ठेवला म्हणून केली.

१९ जून

आलं एकदाचं फोनमध्ये! उघडलं की पहिलं चित्र माझा हात. हिरव्या बांगड्या, माझं ताट, ताटात टोमॅटोचं पान. खाली लिहिलंय - फोटो असा काढा.

ह्यांनी चष्मा लावून बघितलं. "हात बरा आलाय. तोंड घेतलं नाही, कंपनी हुशार आहे."

लगेच मुक्ताईला फोन केला, नारायणगावला. माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर यंदा पहिल्यांदा तिनं टोमॅटो स्वतःच्या अकलेनं लावलाय. इतकी वर्षं दीर ठरवायचा - काय लावायचं, फवारा कधी मारायचा. ह्या वर्षी ती चारचौघांत म्हणाली, माझं रान मी बघते. तो दीर, हिंदुराव भाऊजी, म्हणाले, बघा की! पण नाही जमलं तर पुढं मी पेरणार, मग बोलायचं नाही. ती हो म्हणाली. माझीच बहीण.

म्हटलं, मुक्ते, फोनात मी आहे. मला विचार, भाऊजींना नको.

७ जुलै

मार्केट यार्डात बटाटा आणायला गेले, तर मागून माझाच आवाज! पान निरोगी आहे, चिंता नको. दचकून वळले. टेम्पोपाशी एक शेतकरी, फोन हातात, डब्याच्या झाकणात टोमॅटोचं पान. मी म्हटलं, अहो ती मीच! तो म्हणाला, "मग चहा पाजा बाई, पान चांगलं निघालं."

पाजला. पान मला जरा डागाळलेलं वाटलं. म्हटलं, असेल काही. शिकलेला तो फोन, मी थोडीच.

२२ जुलै

पाऊस उघडायला तयार नाही. मुक्ताई म्हणते रोज एक पान दाखवते फोनला. रोज चांगलं निघतं. भाऊजी बांधावर येऊन सांगून गेले, अशा हवेत फवारा मारा. हिनं फोन त्यांच्या कानाला लावला. "ऐका, ताई काय म्हणतीय!" हसत होती सांगताना. किती दिवसांनी हसली.

४ ऑगस्ट

मुक्ताईचा फोन. रडली नाही. नुसतं म्हणाली, "ताई, करपा लागला. सगळा गेला. तू तर चिंता नको म्हणालीस."

फोन ठेवला तिनं.

५ ऑगस्ट

सकाळच्या एसटीनं गेले. रान बघवलं नाही. खालपासून वरपर्यंत करपलेलं, फळावर काळे डाग. भाऊजी बांधावर उभे. "आली का पुण्याची डॉक्टरीण!" मान खाली घालून पुढं गेले. मी! मान खाली!

मुक्ताईनं चहा दिला, तोंडाकडं बघितलं नाही. म्हटलं, अगं पान डागाळलेलं दिसलं नाही का तुला? तेव्हा बोलली.

"दिसलं ना. आंधळी नाय मी. पण तुझा हात हाय, तुझं ताट हाय, आवाज तुझा हाय. मी पण आपलं जेवायचं ताट काढलं. मन होत नव्हतं डागाचं पान त्यात ठेवायला. पण म्हटलं ताईनं ठेवलंय, तर ठेवायचं असंल. आणि परत परत तू म्हणतीस चांगलं हाय. मग माझ्या डोळ्याचं ऐकू का तुझं?"

निघताना सोडायला आली नाही.

६ ऑगस्ट

दुपारी ह्यांना ताट वाढलं. माझं तोंड बघून म्हणाले, जरा गंमत करू. फोन घेतला आणि ताटातल्या भाकरीचा फोटो काढला.

पान निरोगी आहे, चिंता नको.

हे हसले. मग मी हसले नाही म्हणून थांबले. भाकरी उचलली, रिकाम्या ताटाचा काढला. पान निरोगी आहे! मी उठले, वाफ्यातून करप्याचं पान तोडून आणलं. पोत्यावर ठेवलं - हा करपा आहे. तेच पान ताटात ठेवलं. पहिल्यांदाच ठेवलं रोगट पान त्या ताटात. पान निरोगी आहे, चिंता नको. प्रेमानं!

पानं बघायला शिकलाच नाही तो मेला. ताट बघायला शिकला. चकचकीत दिसलं की चांगलं. आणि कंपनीनं चित्रात ताटच दाखवलं सगळ्यांना. म्हणजे जो जो ताटात ठेवणार, त्याला त्याला मी खोटं सांगणार.

७ ऑगस्ट

सकाळी उत्कर्षा खाली आली डबा घ्यायला. मी ताट ठेवलं समोर, करप्याचं पान ठेवलं, फोन दाबला. आवाज ऐकला तिनं. मला वाटलं दचकेल. दचकली नाही. खाली बघितलं.

तेव्हा कळलं. तिला माहीत होतं!

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून, मावशी. मी सांगितलं होतं ना सरांना. तेच तर सांगून राहिली होती मी सगळ्यांना. सर म्हणाले तारीख ठरली आहे, पुढच्या वेळी दुरुस्त करू."

"आणि मला?"

डब्याचं झाकण फिरवत राहिली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मुक्ताईमावशीला सांगितलं असतं. मग बाहेर गेलं असतं..."

सांगितलंच असतं! त्यासाठीच तर बहीण असते!

मे महिन्यापासून. म्हणजे जून, जुलै, रोज ह्याच ताटात जेवली माझ्या मांडीला मांडी लावून. मी मुक्ताईचं कौतुक सांगायचे, आज पण पान चांगलं निघालं गं. आणि ही भात कालवत ऐकायची. एक दिवस घास अडकला नाही हिचा! परक्यानं फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. हिला मी पोर म्हटलं.

डबा तिच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, आजपासून खानावळ बघ.

११ ऑगस्ट

गेले बाणेरला. एकटी, दोन बस बदलून. सलिल साहेबानं बसवलं, पाणी दिलं. म्हटलं पाणी नको, माझा आवाज परत दे.

"काकू, तुमची सही आहे. आवाज आता कंपनीचा आहे."

"आणि माझ्या बहिणीचं रान?"

"वाईट वाटलं ऐकून. पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय ना, तज्ज्ञांचा सल्ला घ्या." मग मान तिरपी करून म्हणतो, "आणि तसं बघितलं तर काकू, चांगली पानं ताटात आणि वाईट पोत्यावर, हे तुम्हीच केलं होतं ना?"

बघा! घातलं माझ्याच अंगावर. म्हटलं, बाळा, मी ताट स्वच्छ ठेवलं. खोटं बोलायला ताटाला कुणी लावलं? तो हसला. हसण्यासारखं नव्हतं ते.

उत्कर्षा कोपऱ्यात बसलेली. मान वर केली नाही.

१३ ऑगस्ट

मुक्ताईला फोन केला. उचलला नाही.

१४ ऑगस्ट

उचलला नाही.

२० ऑगस्ट

भाजी विकताना आज एक बाई म्हणाली, तुमचा आवाज कुठंतरी ऐकलाय. म्हटलं, नाही हो. मेथी घ्यायचीय का बोला.

घसा खाकरून बोलते हल्ली. स्वतःच्या आवाजाची शिसारी येते.

१ सप्टेंबर

गौरी जेवल्या. सोळा भाज्या केल्या, पुरण केलं. मुक्ताई आली नाही. लग्न झाल्यापासून एकदाही चुकली नव्हती. तिच्या बाळंतपणाच्या वर्षी तर तान्हं घेऊन आली होती. तिच्यासाठी घेतलेलं लुगडं गौरीपुढं ठेवलं, ठेवलेलंच राहिलं.

हिंदुराव भाऊजींचा निरोप आला ह्यांना - रब्बीला रान ते पेरणार. ठरल्याप्रमाणे.

उत्कर्षा दारात आली होती हळदीकुंकवाला. कुंकू लावलं. सणाच्या दिवशी दारातून कुणाला परत पाठवत नाहीत, म्हणून. आत ये म्हटलं नाही.

९ सप्टेंबर

जिन्यात गाठलं तिनं. "मावशी, एक मिनिट. मी एक काम केलं आहे, ते तुम्हाला..."

म्हटलं, तुझी कामं बघितली मी. सरक, पाणी जाईल नळाचं.

"मी खोली सोडून राहिली. यवतमाळला जाते."

"सोड."

तेवढंच. नळाला पाणी होतंच अजून तासभर.

१७ सप्टेंबर

मुक्ताईचा फोन! तिचा! हॅलो नाही काही नाही, नुसती हसतीय. म्हणते, "ताई, आज दोडक्याचं पान दाखवलं फोनला. तर तू ओरडलीस. मला नाही कळत बाई, दुसऱ्या कुणाला तरी दाखव! म्हटलं हां, ही खरी माझी ताई!"

म्हटलं, अगं एवढं झालं तरी तू त्या मेल्या फोनला पानं कशाला दाखवतीस?

हसू थांबलं तिचं. मग म्हणाली, "तुझ्याशी बोलायचं नव्हतं. पण आवाज ऐकू वाटायचा."

रान भाऊजींकडं गेलं ते गेलंच. पण रविवारी येतीय. लुगडं न्यायला.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, ओळखलं नाही की म्हणायला ते वाक्य त्या पोरीनं फोनात घातलं. साहेबाला न विचारता. म्हणून तर नोकरी गेली तिची. तुला सांगायला आली होती जिन्यात, तू नळाला गेलीस, मग मला सांगून गेली.

मलाही विचारलं नाहीच तिनं. परत माझं न विचारता घेतलं! माफ केलेलं नाही मी.

वर बॅगा ओढल्याचा आवाज येतोय. पिठलं टाकलंय. तिखट जास्त.