माझ्या वाटणीची काळजी

३ डिसेंबर, मंगळवार

अलोऱ्याची विहीण, धोंडूबाई, येऊन आठ दिवस झाले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन – आणि थाट असा की दोन्ही किडन्या बदलल्या! नेत्राची आई आहे, सून तिच्याभोवती नाचते ते समजू शकते. पण वेदिका? माझी नात, माझ्या मांडीवर वाढलेली! कॉलेजातून आली की चपला काढायच्या आधी, "अलोऱ्याची आजी, थेंब घातलेस का गो?"

अगो, थेंब घालतं कोण? मी! दिवसातून चार वेळा!

४ डिसेंबर

वेदिकाला कॉलेजात काम दिलंय. काळजीला आपल्याकडे किती शब्द आहेत, माणसं ते कधी वापरतात – घरातल्या मोठ्यांना विचारून लिहायचं. घरात मोठी कोण? मी धोंडूबाईपेक्षा चार वर्षांनी मोठी. पण मोबाईल धरला तिच्या तोंडापुढे. ती सातवी पास ना! "चिंता, विवंचना, हुरहूर, जिवाची घालमेल…" सांगतेय आपली. मध्येच पदर डोळ्याला. ऑपरेशन झालेल्या नव्हे, दुसऱ्या.

मी कोलंबी सोलत होते. मुद्दाम दाराजवळ बसले होते. कोणी विचारलं नाही.

५ डिसेंबर

विचारलं असतं तर सांगितलं असतं. विवंचना हा शब्द मी उभ्या जन्मात बोलले नाही. मिरकरवाड्यात मासळी घेऊन बसणारी एक तरी बाई बोललेली दाखव! चिंता करायची तर हात रिकामे लागतात. काळजी हातातल्या कामाची – गॅस बंद केला का, बर्फ पुरेल का. फिकीर हा बाप्यांचा शब्द, आणि तोही नाही म्हणण्यापुरता – "फिकीर नको गो!" आणि घोर. तो करायचा नसतो, लागतो. ह्यांची होडी तीन दिवस आली नव्हती तेव्हा लागला होता. चौथ्या दिवशी दारात उभे राहिले आणि म्हणाले, चाय ठेव. ठेवली.

चौथी शिकले म्हणून काय झालं.

७ डिसेंबर

वेदिकाने लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचलं. मी म्हटलं, "माझा एक शब्द नाही त्यात." तर बाबू – माझा मुलगा! – म्हणतो, "आये, तुला कधी काळजी वाटली तर शब्द असेल ना!" सगळे हसले. धोंडूबाई जरा जास्तच हसली.

संध्याकाळचे थेंब तिच्या गालावर पडले. पडू देत.

९ डिसेंबर, सोमवार

थेंबांची बाटली घेऊन खोलीत गेले. धोंडूबाई फोनवर, अलोऱ्याला मुलाशी. दाराकडे पाठ. "वेदिकाच्या मानेला गाठ आलीय रे. सुई घालून तपासायला दिलंय. रिपोर्ट पुढच्या सोमवारी. नातीची चिंता लागलीय मला…" वळली, मला बघितलं आणि फोन ठेवला.

गाठ! माझ्या नातीच्या मानेला, आणि मला पत्ता नाही! नेत्राला माहीत, बाबूला माहीत, अलोऱ्याला फोनवर माहीत!

"कधीपासून?" म्हटलं.

"विहीणबाई, पोरीने शपथ घातलीय मला."

चिंतासुद्धा आपसात वाटून घेतली मेल्यांनी. मला कणभर ठेवली नाही.

थेंब घातले. बरोबर डोळ्यात घातले.

१० डिसेंबर

वेदिका मानेभोवती ओढणी घेते. किती दिवस घेतेय! मला वाटलं फॅशन. मासळीचा डोळा बघून ताजी की शिळी सांगणारी मी!

फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "टेन्शन आलंय यार." म्हणजे मैत्रिणीलाही सांगून झालं. मग धोंडूबाई तिच्या केसांना तेल लावत बसली. माझ्या नातीच्या केसांना! मी भांडी आपटली.

१२ डिसेंबर, गुरुवार

राहवलं नाही. वेदिका मागीलदारी कपडे वाळत घालत होती. म्हटलं, "तिला सांगितलंस. मला का नाही? मी कोण, भाडेकरू?"

तिला कळलं मला कळलंय ते. हातातला टॉवेल पिळत राहिली. पिळून झालेलाच होता.

"आजी, ती रडते, बोलते, देवाला नारळ बोलते. मग जेवून झोपते. तू काही बोलत नाहीस. तू जेवायची थांबतेस. मागे बाबांची बोट अडकली तेव्हा दोन दिवस नुसत्या पाण्यावर होतीस. तुला वाटतं मला दिसत नाही."

"भूक नव्हती."

"म्हणूनच नाही सांगितलं गो."

१३ डिसेंबर, शुक्रवार

रिपोर्टला अजून तीन दिवस. वेदिकाला समोर बसवून दोन भाकऱ्या खाल्ल्या, बांगड्याच्या कालवणाशी. धोंडूबाई म्हणाली, "विहीणबाईंना आज बरी भूक लागली!"

लागली नव्हती. तिसरी मागून घेतली.