फोटोला कोण कोण येणार

अण्णा, मी गाडी घेतली. जुनीच, पण लई पळणारी. पेट्रोलवर चालते अन् मोबाइलसारखी वायर लावून चार्जही होते. आपल्या ढाब्याच्या मागं, जिथं तुम्ही जीप धुवायचात, तिथं आता त्यासाठी सॉकेट बसवलंय. मांजरसुंब्याहून पाटोद्याला जाईपर्यंत इंजिन सुरूच होत नाही, नुसती बॅटरीवर जाते. चालू आहे का बंद तेच कळत नाही. पाय जोरात दाबला की मात्र इंजिन जागं होतं अन् पाठ सीटला चिकटते. परवा घाटात एका ट्रकला असं मागं टाकलं अन् मोठ्यानं हसलो. मग लक्षात आलं, गाडीत ऐकायला कोणी नाही. माणूस एकटाच हसला की त्याचं त्यालाच कसंतरी होतं.

तुम्ही म्हणाल, साठीला टेकल्यावर ही थेरं कावून सुचली. सांगतो. तुमची सून जाऊन तीन वर्षं झाली. तुम्ही गेल्यावर घर रिकामं वाटलं होतं, पण ते काहीच नव्हतं. तेव्हा निदान भांडायला ती होती. तुमचा नातू परदेशात असतो, त्याला दोन लेकरं आहेत. उन्हाळ्यात त्याचा फोन आला, "बाबा, या दिवाळीला आम्ही चौघं येतो. महिनाभर राहतो." झालं! माझे पाय जमिनीवर राहीनात. लेकरांना कपिलधार दाखवू, सौताड्याचा धबधबा दाखवू. माझ्या त्या खडखडणाऱ्या डब्यात परदेशातली पोरं बसतील का? म्हणून पुण्यात जाऊन ही बघितली. पाच सीटा, ऐसपैस डिकी, आम्ही माणसंही पाचच.

घेताना तुमच्यासारखं खिशातून लोहचुंबक काढलं. तुम्ही नाही का, जुनी गाडी बघायला गेलात की पत्र्यावर चुंबक फिरवायचात? चिकटलं नाही तर तिथं ठोकर लागली होती, पुट्टी भरून रंग मारलाय, असं समजायचं. मी बोनेटवर चुंबक लावलं तर चिकटेचना. इकडं लावलं, तिकडं लावलं, छे! मी भडकलो. "आख्खं बोनेट पुट्टीचं हाय का रे? आमाला काय येडं समजता?" सगळं दुकान गोळा झालं. तो विकणारा पोरगा गरीब बिचारा, म्हणाला, "काका, हे ॲल्युमिनियमचं आहे. त्याला चुंबक चिकटत नसतं." अण्णा, तुमच्यापायी माझं काय हसं झालं! मग तोंड लपवायला मी त्याला नातवंडांच्या गोष्टी सांगत बसलो. कोण कुठं बसणार, खिडकी कोणाला द्यायची, सगळं. त्यानं लेकरांची नावं विचारली, ती पण सांगितली.

गाडी ठरली अन् आठ दिवसांनी मुलाचा फोन. सुट्टी मिळत नाही, पुढच्या वर्षी नक्की. मी म्हटलं, "बरं बरं, जिवाला जपा." फोन ठेवला अन् भाकरीच्या ताटावर तसाच बसून राहिलो. नको म्हणता आलं असतं गाडीला. पण त्या गाडी विकणाऱ्या पोराला काय सांगणार होतो? लेकरं येत नाहीत, हे तोंडातून काढायची मला लाज वाटली. त्यापेक्षा गाडी घेणं सोपं वाटलं.

सीट भरल्याशिवाय तुम्ही कधी पाशिंजरांच्या जीपची चावी फिरवली नाहीत. मी एकोणीस वर्षांचा असेन. तुम्ही चौकात दाढी करायला बसलेले, अन् मी रिकामी जीप काढून सुसाट पाटोद्याला गेलतो. परत येतो तर तुम्ही रस्त्यात उभे, अर्ध्या गालाला साबण. पाशिंजर दुसऱ्या जीपनं निघून गेलेले, एक म्हातारी तेवढी पाटी घेऊन बसलेली. तुम्ही हात उगारला नाही. म्हणालात, "रिकामी गाडी कुणीबी पळवतं बे. मान्सं भरून नीट नेऊन सोडायला अक्कल लागती." लई झोंबलं होतं. त्या दिवशी मी तुमच्याशी बोललो नाही. आता रोज बोलावं वाटतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी ताब्यात घ्यायला गेलो तर त्यांनी ती लाल कापडानं झाकून ठेवलेली. हार, नारळ, केक. आता असंच करतात, घरच्यांसोबत फोटो काढून देतात. शेजारच्या गाडीपुढं आजी, आत्या, तान्हं लेकरू, सगळा गोतावळा दात काढून उभा. दुकानातली एक पोरगी आली, "काका, फॅमिली कुठंय? फोटोला कोण कोण येणार?" कोणी नाही म्हणायचं सोडून मी म्हणालो, "आमचे अण्णा येतायत. म्हातारे हायत, हळूहळू चालतात. जरा थांबू." तिनं तुमच्यासाठी खुर्ची आणली. पाण्याचा ग्लास ठेवला. मी शेजारी बसलो, तास झाला. शेवटी कानाला मोबाइल लावला, उगाच हं हं केलं अन् तिला म्हणालो, "त्यांना उशीर होईल म्हणतात. घ्या काढून."

फोटो मुलाला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, गाडीच्या कागदांत ठेवून देतो. पोरीला खोटं बोललो, ते कबूल. पण त्या तासाभरात दुकानाचं काचेचं दार जेवढ्या वेळा उघडलं, तेवढ्या वेळा मी मान वर करून बघितलं, अण्णा.