कोरडं अंथरूण

लष्कर, ग्वाल्हेर
ऑगस्ट १९५७

प्रिय वनू,

तुझ्या लग्नाला मी का आले नाही, हे तुला कुणी खरं सांगितलं नाही. टायफॉइड नव्हता मला.

बाळ गेलं, एवढंच तुला ठाऊक. कळा सुरू होऊन तिसरा दिवस उजाडला, तरी सुईण म्हणत होती, पहिलटकरणीला वेळ लागतोच. हे बाहेर टांगा उभा करून, दवाखान्यात नेऊ, असा निरोप पाठवत होते. सासूबाई दार उघडेनात. बाळ मेलेलंच आलं. मग काही दिवसांनी अंथरूण भिजलं, आणि भिजतच राहिलं. बसले, उठले, निजले, तरी लघवी थांबेना. दाना ओलीच्या गल्लीतल्या दाटीच्या घरात वास लपतो का? आधी माझं पान वेगळं झालं, मग खोली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका नाकाला पदर लावायच्या. तुझ्या मांडवात कशी बसले असते गं?

त्यातच नवं राज्य झालं, यांची कचेरी भोपाळला हलायची ठरली. पेट्या भरताना सासूबाई म्हणाल्या, "हिला माहेरी ठेव. तिकडे दुसरं बघू." यांनी पेटीला कुलूप लावलं. सकाळी यांनी टांगा आणला तेव्हा मी बोचकं उचललं. माहेराकडचं माधवगंजचं वळण आलं, मागे पडलं, तरी टांगा थांबला नाही. दवाखान्याच्या फाटकातच थांबला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बेटी, ये पाप नहीं, ज़ख़्म है. सिल जाएगा." बाळाचं डोकं अडून राहिलं, त्या दाबानं मूत्राशयाजवळचं मांस मेलं आणि भोक पडलं. पहिले टाके उसवले. कित्येक महिने थांबून पुन्हा ऑपरेशन झालं. नळी लावून पडून होते. ती जराशी तुंबली तरी वाटे, गेलं सगळं. काल नळी काढली. दुपारी नर्स चादर चाचपायला आली, मी डोळे घट्ट मिटले. "सूखी है," ती म्हणाली. भोपाळहून आलेले हे व्हरांड्यात होते. तिथंच भिंतीकडे तोंड करून हे रडले.

हे कुणालाच कळवायचं नव्हतं मला. पण आई आज सांगून गेली की तुला आठवा संपत आलाय आणि तुझ्या मुरारच्या घरी त्याच सुईणीला बोलावणार आहेत. वनू, पहिली कळ आली की दवाखाना गाठ. तुझ्या दिनकररावांना आजच सांगून ठेव. तुझ्या सासूबाई अडून बसल्या तर हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. माझं नाव गाळू नकोस.

तुझीच,
अनूताई