निळा कण

२ मार्च
चंद्राची माती आली! यान ती उचलून परत आलं, डबा आज काचेच्या पेटीत उघडला. उघडला ताईनेच, तिच्याच यंत्राच्या हाताने तिथे उकरलं होतं ना. बाहेर सगळे नाचत होते. ताई बाहेर आली ती नखं खात.

४ मार्च
जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्या तळघरात आली. "सरावाची माती उरलीय का गं? वाटीभर दे." ही माती मी बनवते — काळा दगड दळायचा, चाळायचा, काचेचा चुरा मिसळायचा. यान जाण्याआधी ताईचा यंत्र-हात त्याच मातीत उकरायला शिकला. पण खरी माती आल्यावर खोटीचं काय काम? विचारलं तर म्हणे, "असंच." तिचं "असंच" मी लहानपणापासून ओळखते. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ मार्च
वाटी अजून परत नाही.

७ मार्च
आज आम्हा सगळ्यांना माती पडद्यावर मोठी करून दाखवली. राखाडी, राखाडी, आणि कडेला एक निळा कण. मी तो लगेच ओळखला. आई गेली त्या वर्षी तिची निळ्या काचेची बरणी माझ्या हातून फुटली होती. केरात टाकवेना, म्हणून तुकडे दळून मातीत मिसळले. कुणाला बोलले नाही, ताईलाही नाही.

म्हणजे पडद्यावर माझी माती आहे. वर यंत्राचा हात अर्धा दिवस अडकला होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डबा रिकामाच आला असणार, आणि ताईने भरला. या कामापायी तिने घराकडे पाहिलं नाही, केस पिकले तिचे. रिकामा डबा तिला सोसला नसेल, कबूल. पण म्हणून जगाला दगडाचं पीठ दाखवायचं?

८ मार्च
ताईला जिन्यात गाठलं. "काही सांगायचंय का तुला?" दचकली. "मलाच तुला विचारायचंय. आधी खात्री करते." चोराच्या मनात चांदणं! खात्री कसली — पकडली जाणार नाही याची?

९ मार्च
साहेबांकडे गेले. निळ्या कणाचं सांगितलं, वाटीचंही. साहेबांनी फक्त पाण्याचा पेला पुढे केला. दुपारी ताईला घरी पाठवलं. जाताना माझ्याकडे बघून हसली बिचारी. बिचारी कसली.

११ मार्च
बाहेरून तपासायला माणसं आली होती. माती खरी आहे. चंद्राचीच. तिच्यात काचेचे बारीक गोल मणी आहेत, तसले माझ्या चक्कीत जन्मात होणार नाहीत. निळा कण तेवढा आपला. सरावानंतर यंत्र-हात धुतला, तरी बिजागरीत एक कण चिकटून राहिला. तो वर गेला आणि मातीबरोबर परत आला. ताईला पहिल्याच दिवशी तो दिसला होता. वाटी त्याच्याशी ताडून बघायलाच नेली होती.

साहेब म्हणाले, "उद्यापासून या म्हणावं ताईंना. तुम्हीच सांगा." फोन हातात घेते आणि ठेवते.

१२ मार्च
ताई आपणच घरी आली. दारातच म्हणाली, "तो निळा आईच्या बरणीचा ना गं? आई चंद्रावर जाऊन आली बघ." खूप रडली, मग हसली. मग माझा हात धरून म्हणाली, "कोणीतरी साहेबांचे कान भरले. बरं झालं, तिथे तू तरी माझी होतीस."