खिडकीतला फोटू

प्रिय याडी,

मी दवाखान्याचं बोलत होतो आणि तू फोन दिपाच्या हातात देऊन चुलीकडं निघून गेलीस. दर वेळी हेच. ‘माझ्या छातीचा फोटू साफ आला होता,’ एवढं तू म्हणायचं आणि उठायचं. म्हून आता चिठ्ठी. ही काही तुला दिपाच्या हातात देता येणार न्हाई, ती आधीपासूनच तिच्या हातात हाय. दिपा, माझी शहाणी बहीण, मोठ्यानं वाच, आणि मधलं गाळू नको.

आपलं पोरगं उतावळं हाय, असं तू म्हणतीस. व्हय, हाय मी. सहावीतून शाळा सोडली, मग वीटभट्टी, मग हैदराबादचं हॉटेल, आता हे सुरतेकडचं. इथं नेमकं काय करून राहिलो, ते तुला फोनवर कधी सांगताच आलं न्हाई. दवाखान्यांनी भंगारात काढलेले एक्स-रे इथं पोत्यांनी येतात. त्या प्लास्टिकवर जनावराच्या हाडाकातड्यापासून काढलेल्या चिकाचा पातळ थर असतो, आणि चिकात चांदीचे कण. आमी कोमट पाण्याच्या टाकीत एक पूड कालवतो आणि फोटू त्यात सोडतो. पुडीच्या पोत्यावर एन्झाइम लिहिलेलं असतं. ती पूड तो चीक खाते. आंगणवाडीच्या बाई अंड्यात, डाळीत प्रोटीन असतं म्हणायच्या ना, चीक म्हणजे तेच, असं मुकादम लालसिंग सांगतो. चीक गेला की चांदी तळाला बसते आणि हातात राहतं काचेसारखं कोरं प्लास्टिक.

पहिल्या हप्त्यात मी काय केलं असन ते तू ओळखलंच असशील. लवकर सुटी व्हावी म्हून पूड दुप्पट टाकली. काम खरंच निम्म्या वेळात झालं. मग अजून टाकली, अजून टाकली, तर पुढं फरकच पडंना. लालसिंग हसला. फोटूवर जागा किती, ती सगळी पुडीनं धरली की बाकीची पूड नुसती पाण्यात फिरते, म्हणाला. पंगत भरली की उरलेले ताटकळत उभे राहतात, तसं.

मागल्या हप्त्यात उलटं झालं. पुडीची गाडी आली न्हाई, उरलेली निम्मीच टाकली. जे फोटू जेवणाच्या सुटीआधी कोरे व्हायचे, ते दिवस कलला तरी काळेच. मला रिकामं बसवत न्हाई, म्हून पुढच्या ढिगातले फोटू उन्हाकडं धरून बघू लागलो. एकाच बाईचे दोन सापडले. इंग्रजी अक्षरं जुळवून नाव वाचलं, पारुबाई. गळ्याखालचं हाड मोडून वाकडं जुळलेलं, दोन्हीत बराबर तसंच, म्हंजे बाई तीच. पहिल्या फोटूत छाती साफ. दुसरा दोन वर्षांनंतरचा, त्यात एका अंगाला चुन्याचं बोट पुसल्यासारखा पांढरा डाग. मला त्यातलं काही कळत न्हाई. पण त्या बाईनंही पहिला फोटू घरात कुठं तरी लावून ठेवला असन, असं वाटलं. ते दोन मी टाकीत सोडले न्हाईत, खोलीवर आणले.

तुझा फोटू खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी हाय. आल्यागेल्याला तू तो दाखवतीस. त्याला चार वर्षं झाली, याडी. तवा तू हळदीच्या कारखान्यात हळकुंडं घासणाऱ्या पॉलिशच्या ढोलावर जात नव्हतीस. आता दोन हंगाम ती पिवळी धूळ नाकातोंडात घेऊन राहिलीस. रात्री आडवं झालं की दम लागतो म्हून तू भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपतीस, हे मला दिपानं सांगितलं. तिच्यावर चिडू नको, मीच खोदून विचारलं.

फोनवर मी एवढं बोलतो, ते त्या जादा पुडीसारखंच. म्हून आता एकदाच सांगतो आणि गप बसतो. सोमवारी दिपाला घे, वारंगा फाट्यावरून वसरामकाकाच्या जीपनं नांदेडला जा आणि नवा फोटू काढ. जुना खिडकीतून काढून संगं ने, डॉक्टरला दोन्ही शेजारी धरून बघू दे. तोवर खिडकीला पोतं लाव. साफ आला तर नवाच तिथं लाव, मी पुन्हा विषय काढणार न्हाई. न्हाई आला, तर मी गावाकडच्या गाडीत बसतो.

तुझाच,
सेवा

फोटू, डॉक्टर आणि जीप मिळून दिपाच्या खात्यावर टाकले, अठराशे रुपये.