युरेनियम धरून ठेवणारे माझे जिवाणू

३ जून २०२४, सकाळी ६
रूपा काल मंचेरियलला माहेरी गेली. बॅगा तीन. मला थिसिस लिहायला शांतता मिळावी म्हणूनच गेली, दुसरं काय! पीएचडीचं नववं वर्ष. आजपासून रोज चार पानं.

४ जून
पानं शून्य. टीव्हीवर मतमोजणी. देशाचा प्रश्न होता.

११ जून
गाइड माणिकराव सरांना पुन्हा समजावलं. अणुभट्टीचा कचरा खोल खडकात पुरतील, भोवती चिकणमाती ठासतील. गळती झालीच, तर युरेनियम पाण्यासोबत निघणार. तिथं माझे बेज्जूरच्या बोअरमधले जिवाणू त्याला घट्ट करून जागीच बसवणार. सर म्हणाले, जिवाणू उलटेही वागतात, आधी टेस्ट कर. वयामुळे शंका येतात त्यांना. तरी नमुने हैदराबादच्या लॅबमध्ये मित्र प्रवीणकडे पाठवले.

१९ जून
रूपाला फोन. चिकणमातीतून पाणी किती हळू झिरपतं ते सांगितलं. वीस मिनिटं. मग ती म्हणाली, "ऐकून राह्यली मी. पण बाबांले अ‍ॅडमिट केलं, हे सकायीच सांगतलं होतं तुमाले." नंतर नेटवर्क गेलं. गेलंच असणार. उद्या पहिल्या बसने मंचेरियल. नक्की.

२० जून
कॉलेजात पोरांचं प्रॅक्टिकल घ्यायचं होतं. सासरे समजूतदार आहेत.

२ जुलै
रूपाने तिकडच्या शाळेत नोकरी धरली. वेळ जावा म्हणून असेल.

२२ जुलै
प्रवीणचा फोन. जिवाणूंनी युरेनियम धरलं, पण बसवलं नाही. अंगाला चिकटवून मातीतून पार घेऊन गेले. नुसत्या पाण्यासोबत गेलं असतं त्याहून जास्त. प्रवीण म्हणतो, हाही निकालच आहे, थिसिस उलटा लिही.
मला हे फक्त रूपाला सांगायचं होतं.

२८ जुलै, रविवार
मंचेरियल. सासरे लक्ष्मणराव काठी घेऊन अंगणात चालत होते. मला पाहून म्हणाले, या, बसा. सासूबाईंनी कपाटातले नवे कप काढले. प्रवीणचा रिपोर्ट पिशवीतून काढलाच नाही. रूपाला विचारलं, कशी आहेस. म्हणाली, "बरी हाय आता." मग तिने विचारलं, "जेवून जाता का?"
पाहुण्याला विचारतात तसं.
म्हटलं, नको, बस आहे.
बसला दोन तास होते.